खांद्यांतील गांठ

उत्तरपत्रिका तपासण्याचे दिवस आले, कीं आमचा उजवा खांदा हटकून बंड पुकारतो. यंदा त्याच्या जोडीला कपाळ ठणकूं लागलें. चष्म्याचा नंबर वाढला असेल, अशा समजुतीनें आम्हीं भिंगें बदलून घेतलीं. खर्च तेवढा झाला.

अखेर आमच्या कुटुंबानें परस्पर तालमींतल्या एका वृद्ध वस्तादांना बोलावणें धाडलें. त्यांनीं कपाळाकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. मान व खांदा यांमधील मांसांत अंगठा रोवला मात्र, आणि आमच्या कानशिलांत कळ उठली! “गांठ इथें आहे, प्रोफेसरसाहेब. डोकें बिचारें निरपराधी.” अंगठा त्यांनीं न चोळतां तसाच दाबून ठेविला, दहाबारा श्वासांनंतर ती सुपारीएवढी गांठ सैल पडली.

केनेडी-अध्यक्षांच्या चिकित्सक डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनीं डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्यासह १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हेंच आहे: मूळ खांद्यांत, ठणका कानशिलांत. गांठीचें खरें स्वरूप काय, याविषयीं पंडितांत अद्यापि वाद आहेत. वस्तादांचें त्यावांचून कांहीं अडलें नाहीं.

रात्रीं आम्हीं कुटुंबाला विचारलें, “खांदा तर इतकीं वर्षें तूंच दाबीत आलीस, मग वस्ताद कशाला?”

तिनें हात पुढें केले. अंगठ्यांचे सांधे सुजलेले होते.

“दोन वर्षें झालीं. आतां जोर लागत नाहीं.”

दोन वर्षें आम्हीं तिच्याकडे पाठ करूनच बसत होतों. आम्हीं उठून तेल कोमट केलें.

“दाबूं नका हं,” ती म्हणाली, “नुसतें हलकें चोळा.”