आमच्या संगणकाचा प्रोसेसर

आमच्या घरी एक संगणक आहे. तो आण्णांनी २००९ साली घेतला. तेव्हा माझा जन्म झाला नव्हता. म्हणजे तो माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. आज्जी त्याला पेटी म्हणते. सकाळी बटण दाबले की आईचा चहा होतो, कपबशा धुऊन होतात, तरी पेटी सुरूच होत असते.

माझी ताई कराडला टायपिंगच्या क्लासला जाते. तिची सरकारी परीक्षा जवळ आली आहे. मिनिटाला तीस शब्द टाईप करावे लागतात. क्लासमध्ये रोज एकच तास मिळतो, म्हणून ती घरी सराव करते. पण ती बटण दाबायची आणि अक्षर पडद्यावर मागाहून यायचे. एकदा निम्मा उतारा झाल्यावर संगणक अडकला आणि सगळे पुसले गेले. ताई परड्यात जाऊन रडली. मला लई वाईट वाटले.

आण्णा म्हणाले, "नवा घ्यायला पैसं न्हाईत. उसाच्या बिलातलं हजार रुपयं ठिवल्यात. तेवढ्यात काय हुतंय का बघू."

माझा मामा सांगलीत संगणक दुरुस्तीचे काम करतो. रविवारी आण्णांनी आणि मी पेटी पोत्यात बांधली आणि एसटीने सांगलीला गेलो. कंडक्टरने विचारले, "पोत्यात कोंबड्या हाईत का?" मी म्हणालो, "न्हाय, संगणक हाय." सगळी गाडी हसली.

मामीने आम्हाला भडंग दिले. मग मामाने पेटीचे झाकण काढले. आत धुळीचा थर होता. मामाने ब्रशने धूळ काढली आणि मला एकेक भाग दाखवला. मोठी हिरवी पाटी म्हणजे मदरबोर्ड. तिच्यावर सगळे भाग बसतात. पंख्याखाली चौकोनी चकती असते, ती प्रोसेसर. सगळा हिशोब तीच करते. आमची चकती सेलेरॉन ४३० नावाची होती. तिच्यात कोअर एकच. कोअर म्हणजे काम करणारा गडी.

मी म्हणालो, "मामा, आय थ्री घाल की. नाहीतर चार कोअरचा घाल. चार म्हणजे चौपट जोरात पळेल."

मामा हसला. तो म्हणाला, "आरं बाळा, आधी बोर्डाला विचारायचं, मग दुकानदाराला." बोर्डावर जिथे प्रोसेसर बसतो त्या जागेला सॉकेट म्हणतात. आमच्या सॉकेटमध्ये ७७५ पिना आहेत. २०२१ साली जे सॉकेट आले त्यात १७०० आहेत. त्यावरचा आय थ्री आमच्या बोर्डावर बसणारच नाही. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही तसेच.

चार कोअरचा एक प्रोसेसर आमच्या सॉकेटात बसतो. त्याचे नाव कोअर टू क्वाड क्यू ६६००. तो २००७ साली निघाला. मग तो का नको, असे मी विचारले. मामाने बोर्डावर छापलेला नंबर वाचला आणि कंपनीने दिलेली यादी फोनवर काढली. त्या बोर्डाला कोणकोणते प्रोसेसर चालतात हे तिच्यात असते. क्यू ६६०० तिच्यात नव्हता. तो १०५ वॅटचा आहे आणि आमचा जुना फक्त ३५ वॅटचा. मामा आण्णांना म्हणाला, "दाजी, दोन बैलांची गाडी हाय. चार जुंपलं तर गाडी पळणार न्हाय, जू मोडंल." आण्णांना ते लगेच पटले.

यादीत कोअर टू ड्युओ ई ७५०० होता. त्यात दोन कोअर आहेत आणि तो ६५ वॅटचा आहे. आमचा जुना १.८ गिगाहर्ट्झचा होता, हा २.९३ चा आहे. तोच घ्यायचे ठरले. मामाने आधी जुन्या प्रोसेसरवरच संगणक चालू करून बायोस नवे केले. बायोस म्हणजे बोर्डाची स्वतःची शिकवण. ती जुनी राहिली तर बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. मग शेजारच्या गल्लीतल्या दुकानातून मामाने तो वापरलेला प्रोसेसर साडेतीनशे रुपयांना आणला.

आता माझी चूक सांगतो. मामाने जुना प्रोसेसर काढून बाजूला ठेवला आणि तो हात धुवायला गेला. आण्णा बाहेर फोनवर बोलत होते. सॉकेट उघडे होते. आतल्या पिना सोन्यासारख्या चमकत होत्या. मामाने "हात लावू नको" असे सांगितले होते. तरी मी बोट लावले. पिना केसाएवढ्या बारीक असतात. दोन वाकल्या. मी हात मागे घेतला आणि गप बसलो.

मामाने नवा प्रोसेसर बसवला, पेस्ट लावली, मोठा पंखा बसवला आणि बटण दाबले. पंखा फिरला, पण पडदा काळाच. परत केले. तरी काळाच. मामाला राग आला. तो म्हणाला, "दुकानदारानं खराब माल दिला. आता जाऊन त्याच्या तोंडावर टाकतो." आण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातले उरलेले पैसे मोजले. मामाने चप्पल पायात घातली.

माझ्या पोटात गोळा आला. दुकानदाराची काहीच चूक नव्हती आणि त्याला बोलणी बसणार होती. मी रडत रडत म्हणालो, "मामा, जाऊ नको. मीच बोट लावलं."

मला वाटले आता मार बसणार. आण्णांनी हात उचलला नाही. ते एवढेच म्हणाले, "आधीच सांगायचं हुतंस." त्याने मला माराहून जास्त लागले.

मामाने भिंग लावले. मामीने शिवणाची सुई दिली. मामा एक तास श्वास रोखून पिना सरळ करत होता. मी टॉर्च धरून उभा होतो. माझा हात दुखला, पण मी हलवला नाही. मग प्रोसेसर बसवून बटण दाबले, आणि पडदा उजळला! मामी म्हणाली, "गणपती पावला."

उरलेल्या पैशातून दोन जीबीची डीडीआर टू रॅम घातली. मामाने हेही सांगितले की विंडोज ११ या प्रोसेसरवर नियमाने चालत नाही, म्हणून जुन्या पेटीवर आता यापेक्षा जास्त पैसे घालायचे नाहीत.

आता आईचा चहा उकळायच्या आत पेटी सुरू होते. ताईचे अक्षर बोटाबरोबर उमटते. ती रोज संध्याकाळी सराव करते आणि मी शेजारी बसून घड्याळ लावतो. काल तिचे मिनिटाला सत्तावीस शब्द झाले. अजून तीन पाहिजेत.

मित्रांनो, तुमच्या घरच्या संगणकात प्रोसेसर बदलायचा असेल तर सॉकेट, बोर्डाची यादी, वॅट आणि बायोस एवढे आधी बघा. सगळ्यात मोठा नको, बसेल तो घ्या. आणि तुमच्या हातून काही मोडले तर लगेच सांगा. पिना सरळ करता येतात. पण मामा दुकानदाराला बोलून आला असता, तर ते शब्द मला परत आणता आले नसते.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी