दीड वाजताचा खान्देश

उपग्रहाने रात्री टिपलेले दिवे बघण्याचा उद्योग पावसाळ्यात करू नये. ढगांमुळे गावं विरघळून जातात. हिवाळ्यातली, अमावास्येजवळची तारीख धरावी. नासाच्या 'वर्ल्डव्ह्यू' या संकेतस्थळावर ती टाकून नाशिकवरून नकाशात वर सरकलं, की धुळं लागतं. पुढे महामार्गाला धरून पारोळा, एरंडोल, मग जळगाव, भुसावळ. उत्तरेला सातपुड्याची काळी पट्टी.

२०११ साली सोडलेला सुओमी एनपीपी उपग्रह रात्री दीडच्या सुमारास आपल्यावरून जातो. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा पाऊण किलोमीटर. आणि ही दीडची वेळच मला खटकते. धुळ्याकडच्या आजोळी भारनियमन असायचं संध्याकाळी. कंदिलाभोवती ताटं, वरणात पडणारे किडे, आणि मग सगळ्या गल्लीतून एकदम ओरड: "लाइट उनी!" दीडपर्यंत सगळे झोपलेले. तो अंधार या चित्रांत यायचाच नाही. ३० जुलै २०१२ला उत्तरेचं ग्रिड कोसळलं तेही रात्री अडीचला, हे महाशय निघून गेल्यावर!

उलट यावलकडे आमच्या मळ्यात दीडलाच खरी जाग असायची. थ्री फेज रात्रीच मिळायची. स्टार्टरचा खटका पडला की नाना बॅटरी घेऊन केळीत शिरायचे. ओली पानं तोंडावर आपटायची. आधी ठिबकचा फिल्टर धुवायचा, मग वाकून एकेका नळीवर उजेड टाकत कुठलं छिद्र बुजलंय ते बघायचं. साप दिसला तर थांबायचं, तो गेला की पुढे. त्या घटकेला शिवारातल्या सगळ्या मोटारी घुमत असायच्या. वीज वाहत होती, पण पाणी उपसायला. उपग्रहाला दिसतो तो वर सांडलेला उजेड. साक्रीजवळ शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. रात्री तोही अंधारातच.

परवा नानांना २०१२च्या जानेवारीतली एक रात्र दाखवली. चष्मा सारखा करून त्यांनी आधी भुसावळ ओळखलं, तिथून बोटाने मोजत आमच्या शिवाराशी आले. काहीच नव्हतं.

"बॅटरी विझवून बसलो असेन," ते म्हणाले. "सेल पुरवून वापरावे लागायचे."