जात्याची घरघर आणि ओवी

आमच्या जळकोटात मोटार दिसायच्या आधी ऐकू यायची. नळदुर्गाकडून एसटी येऊ लागली की बऱ्याच लांबून तिचं गुरगुरणं कानावर पडायचं आणि ओसरीवर बसलेली आजी म्हणायची, "ऊठ रं, यष्टी आली." पिशवी उचलून, चपला घालून रस्त्यावर पोचेपर्यंत गाडी येऊन उभी राहायची. हे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं सांगतोय. रस्ता तेव्हाही मोठाच होता. पुण्याहून सोलापूर, हैदराबाद करत विजयवाड्याकडं जाणारा राष्ट्रीय महामार्ग ९. आज त्याला ६५ म्हणतात. पण रात्री त्यावरून एखादा ट्रक गेला तर तो येताना, जाताना आणि उमरग्याच्या दिशेनं विरून जाताना आम्ही माळवदावर पडल्या पडल्या पुरता ऐकायचो. मग पुन्हा रातकिडे.

आता ट्रक मोजता येत नाहीत. एकाचा आवाज विरायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो आणि सगळ्यांचा मिळून एकच घुमारा रात्रभर घरात भरून राहतो. उन्हाळ्यात त्यात कूलरची भर. माझी नात याच घरात नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करते. तिच्या काकानं पुण्याहून तिला कान पूर्ण झाकणारा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन आणून दिला. पहिले काही दिवस मला वाटलं, पोरगी अभ्यासाच्या नावाखाली गाणी ऐकतेय. एकदा विचारलंच. म्हणाली, "आजोबा, गाणी नाहीत लावलेली. नुसती शांतता लावलीय."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. आमच्या लहानपणी शांतता असायचीच, लावावा लागायचा तो आवाज. आणि तो एकट्यापुरता कधी लावला जात नसे. बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमाला सुरू व्हायची तेव्हा आमच्या गल्लीत एकच रेडिओ होता, आणि अमीन सायानींचा आवाज दहा घरांचा मिळून होता. ज्यांच्या घरी रेडिओ ते तो खिडकीत ठेवायचे, तोंड गल्लीकडं करून.

नातीनं तो हेडफोन माझ्या कानांवर चढवला. गाद्यांनी कान झाकले तेव्हा थोडासा फरक पडला. मग तिनं बटण दाबलं आणि रस्ता गेला. कूलरही गेला. कानाला किंचित दडा बसल्यासारखं झालं, घाटात बसतो तसा. इतकी शांतता मी या घरात कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. तेवढ्यात सुनेनं स्वयंपाकघरातून हाक मारली. ती मात्र ऐकू आली, थोडी बारीक होऊन, पण शब्दन् शब्द कळावा अशी.

ट्रक जातो आणि हाक राहते, हे कसं? नातीकडून, वाचून, विचारून मी ते समजून घेतलं.

आवाज म्हणजे हवेत एकामागून एक येणारी दाटी आणि विरळी. हेडफोनच्या बाहेरच्या अंगाला बारीक मायक्रोफोन असतो. तो येणारी लाट टिपतो. आतली चिप तिच्या बरोबर उलटी लाट तयार करते. बाहेरून दाटी येते त्या क्षणी आतला स्पीकर विरळी करतो, विरळी येते तेव्हा दाटी. दोन्ही कानापाशी भेटतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. कानाच्या बाजूला आत आणखी एक मायक्रोफोन असतो. काय उरलं ते तो बघतो आणि चिप तेवढं दुरुस्त करत राहते. भिंत आवाज अडवते. हे यंत्र आवाजावर आवाज घालतं.

मला हे खरं उमगलं ते जात्यावरून. समोरासमोर बसलेल्या दोघीजणी एकाच खुंट्याला हात घालून दळतात. दोघी एका दिशेनं ओढतात म्हणून दगड फिरतो. आता एकीनं जितका जोर लावला तितकाच दुसरीनं त्याच क्षणी उलट्या दिशेनं लावला तर? दोघींचे हात चालू आहेत, दगड मात्र जागचा हलत नाही. तीच ही शांतता. पण दुसरीचा हात थोडा मागं पडला तर जातं थांबायचं सोडून हिसके खाऊ लागेल.

सगळी गोम त्या मागं पडण्यात आहे. यंत्राला ऐकून उलटी लाट काढायला अगदी थोडा का होईना, वेळ लागतोच. समजा सेकंदाचा दहा हजारावा भाग लागला. ट्रकच्या घरघरीत सेकंदाला शंभर कंपनं धरली तर एक कंपन सेकंदाच्या शंभराव्या भागाचं असतं आणि हवेत त्याची लाट साडेतीन मीटरच्या जवळपास लांब असते. तिच्यापुढं हा उशीर काहीच नाही. पण बांगड्यांच्या किणकिणाटात सेकंदाला पाच हजार कंपनं असली तर लाट जेमतेम सात सेंटिमीटरची, आणि तेवढ्याच उशिरात अर्धं कंपन निघून गेलेलं असतं. उलटी म्हणून सोडलेली लाट तिथं सुलटी होऊन बसते आणि आवाज घटायच्या ऐवजी वाढेल. म्हणून उंच सुरांच्या वाटेला हे यंत्र जात नाही. ते काम कानावरच्या गाद्यांवर सोडतं. एकाएकी होणारा आवाजही त्याच्या हाती नीट लागत नाही. खाली आणि अखंड वाजणारं जे असतं, ते मात्र चांगला हेडफोन २० ते ३० डेसिबलनं कमी करतो. डेसिबलचं माप पटीचं आहे. २० डेसिबल कमी झाले की आवाजाची ऊर्जा शंभरावा हिस्सा उरते.

ही युक्ती जुनी आहे. पॉल लुएग या जर्मन संशोधकाला उलट्या लाटेनं आवाज मारण्याचं अमेरिकी पेटंट १९३६ साली मिळालं होतं, पण ते काम वेळेवर करील असं विद्युत-यंत्र तेव्हा नव्हतं. पुढं १९७८ साली झुरिकहून बोस्टनला जाणाऱ्या विमानात अमर बोस नावाच्या प्राध्यापकांनी हेडफोन लावला. इंजिनाच्या घरघरीत गाणं ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच कागदावर आकडेमोड सुरू केली. हे अमर बोस बंगालचे क्रांतिकारक नोनीगोपाल बोस यांचे चिरंजीव. वडील इंग्रजांपासून निसटून अमेरिकेत गेले होते. त्या आकडेमोडीतून १९८९ साली वैमानिकांसाठी हेडसेट बाजारात आला आणि २००० साली सामान्य प्रवाशांसाठी. आता तो जळकोटात, अभ्यासाच्या टेबलावर आहे.

तेव्हापासून मी एक खेळ करतो. लहानपणचे आवाज एकेक आठवायचे आणि मनात हेडफोन चढवून बघायचं, काय राहिलं असतं. पहाटे वासुदेव यायचा. त्याच्या चिपळ्या राहिल्या असत्या. दवंडीची हलगी राहिली असती, ती कडाडते म्हणून. १९७२च्या दुष्काळात रस्त्याच्या कडेला ओळीनं बसून बायका खडी फोडायच्या, माझी आईही त्यात होती. त्या हातोड्यांचा टणटणाट कुठल्याही चिपला पुसता आला नसता. बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा, तुळजापूरला जाणाऱ्यांचा "आई राजा उदो उदो", आजीची हाक, सगळं राहिलं असतं. गेलं काय असतं? पिठाच्या गिरणीच्या डिझेल इंजिनाचं पुकपुक. एसटीचं ते लांबून येणारं गुरगुरणं. म्हणजे इंजिनाबरोबर गावात आलेलं तेवढं बहुतेक सगळं हे यंत्र परत घेऊन जातं, आणि माणसांचं, जनावरांचं होतं ते ठेवतं. हा काही कुणी ठरवून केलेला न्याय नव्हे. इंजिनाचा आवाज खालचा आणि सारखा असतो, माणसाचा क्षणाक्षणाला बदलतो, एवढंच कारण. पण मला ते कळलं त्या दिवशी फार बरं वाटलं.

जुनी शांतता नुसती वाहनं कमी होती म्हणून नव्हती. घरंही तशी होती. दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती, वर माळवदाची जाड माती. खालच्या सुरांना अडवायचं तर वजनच लागतं, आणि आमच्या भिंतींना वजन होतं. दार लावलं की रस्ता बाहेर राहायचा. त्याच भिंतींनी आणि त्याच माळवदांनी ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात आमच्या भागातली हजारो माणसं पोटात घेतली. किल्लारी, सास्तूर ही नावं घेतली की इथला माणूस अजून गप्प होतो. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. त्यानंतर लोकांनी दगडमातीची भीतीच घेतली. कुणी सिमेंटचं बांधलं, कुणी पत्रे घातले. ते करायलाच हवं होतं. पण पातळ भिंतीतून आणि पत्र्यातून ट्रकची घरघर सरळ आत येते. आजच्या गोंगाटाचं एक कारण ते आहे आणि जुन्या भिंतींसाठी मी कधी हळहळणार नाही.

भूकंपानंतर कित्येक महिने आम्ही अंगणात झोपत होतो. रात्री लांबून जड ट्रक येऊ लागला की जमिनीतून येणाऱ्या त्या घरघरीनं माणसं दचकून उठून बसायची. आई तर माझ्या लेकराला उचलून उभीच राहायची. हेडफोन नेमकी ती घरघर खातो. म्हणून आमच्या घरात नियम आहे: अभ्यासाला हवा तितका वेळ घाल, झोपताना काढून ठेव.

रस्त्यावर तर घालूच नये. आमच्याकडं पोरं कानात खुपसून मोटारसायकलवर जातात, हमरस्ता ओलांडतात. मागून येणाऱ्या ट्रकची पहिली वर्दी हॉर्न देत नाही, ती खालची घरघर देते, आणि बटण दाबलं की तीच जाते. वरातीतल्या डीजेपुढंही याचा भरवसा नको. तो दणका छातीतून आत येतो. तिथं लांब जाणं हाच उपाय. फटाके, ठोकाठोक यांचं तेच. मात्र सोलापूर-हैदराबाद एसटीत, विमानात, कूलरशेजारी, जनरेटरशेजारी बसून वाचायचं असेल तर याच्यासारखी वस्तू नाही. स्वमग्न मुलांपैकी काहींना साधा पंखाही सहन होत नाही. त्यांना मोठ्या माणसानं समजून-उमजून दिला तर दिलासा मिळतो. आणखी एक फायदा आहे. गोंगाट गेला की गाणं मोठं करावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांच्या वर ऐकू नये. एसटीच्या खडखडाटावर मात करायला साधा हेडफोन लावणारा पोरगा ही मर्यादा नकळत ओलांडतो.

पण गावानं आपला गोंगाट तसाच ठेवावा आणि ज्याला परवडेल त्यानं शांतता विकत घ्यावी, हे मला मान्य नाही. वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ आवाज ४५ डेसिबलच्या आत हवा, असा नियम २००० सालापासून आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ साली ठरवलं की संध्याकाळी ७ वाजता भोंगा झाला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, पोरांनी अभ्यास करायचा. तिथं कुणाला काही विकत घ्यावं लागलं नाही. भोंगा एक, आणि गाव सगळं.

या वैशाखात पुतण्याचं लग्न झालं. हळद दळायला जातं बाहेर काढलं, धुतलं, खुंट्याला हळकुंड बांधलं. पाच सवाशिणी बसल्या, आणि माझी सत्तरी ओलांडलेली मोठी बहीण ओवी म्हणू लागली. मी नातीचा हेडफोन मागून घेतला आणि जात्याशेजारी बसलो. बटण दाबलं. दगडाची घरघर विरली. हळकुंडं भरडल्याची बारीक खरखर तेवढी राहिली, आणि राहिली ओवी. लहानपणी पहाटे आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचो तेव्हा घरघर आणि ओवी वेगळी करता येत नव्हती. मला ती एकच वस्तू वाटायची. साठ वर्षांनी पहिल्यांदा ओवी एकटी ऐकली. सुंदर होती, पण उघडी वाटली. मी हेडफोन काढला आणि नीट ऐकायला बसलो.

बहिणीला पन्नासेक ओव्या येतात. तिच्या सुनांना एकही येत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. गिरणी आल्यावर त्या कधी शिकणार? हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संकेतस्थळावर त्या वाचायला, कित्येक ऐकायलाही मिळतात. रात्री नात झोपली की मी तिच्या हेडफोनमधून त्या ऐकतो. बाहेरचा महामार्ग गेलेला असतो, रेकॉर्डिंगमधली जात्याची घरघर मात्र पूर्ण ऐकू येते, कारण आत लावलेल्या आवाजाला हे यंत्र धक्का लावत नाही.

तुमच्या घरात ओवी येणारी आजी, आत्या, मावशी असेल तर या सुटीत तिच्यापुढं मोबाइल ठेवून तिचा आवाज भरून ठेवा. भरताना पंखा आणि कूलर बंद करा, आणि जातं असेल तर ते मात्र फिरू द्या.