टोकाची गोष्ट

बरेच दिवस इथे काही खरडलं नव्हतं. आज लिहितोय ते चक्क बंदुकीच्या गोळीबद्दल. पुण्याची मावशी हा ब्लॉग वाचते, म्हणून आधीच सांगून टाकतो: मावशी, मी बंदूक घेतलेली नाही, घेणारही नाही. पुढे वाच.

आमच्या शेजारचे आजोबा (अमेरिकन, पंच्याहत्तरी ओलांडलेले, सगळी हयात मशीन शॉपमध्ये गेलेली) एफ-क्लास प्रकारची नेमबाजी करतात. या नावातला 'एफ' म्हणजे जॉर्ज फार्कहारसन, हा प्रकार सुरू करणारे कॅनडाचे नेमबाज. पालथं झोपायचं, रायफल टेकूवर ठेवायची आणि हजार यार्डांवरचं लक्ष्य टिपायचं. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. दहा गुणांचं वर्तुळ १० इंचांचं, आणि त्याच्या आतलं 'एक्स' फक्त ५ इंचांचं, म्हणजे चहाच्या बशीएवढं. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने २०२४ साली पॅरिसला कांस्य मिळवलं तो ५० मीटरचा प्रकार. तिथली .२२ ची काडतुसं कारखान्यातून तयारच येतात. नेमबाज वेगवेगळे लॉट तपासून आपल्या रायफलला मानवेल तो निवडतात. आजोबांचं तसं नाही. ते काडतूस गॅरेजमध्ये स्वतः भरतात: पितळी नळी, टोपी, मोजून घातलेली दारू (मावशी, बंदुकीची!) आणि वर गोळी.

आता या गोळीचं टोक. दुरून सुईसारखं दिसतं, पण भिंगाखाली धरलं की कळतं, तिथे एक बारीक भोक आहे आणि त्याची कड वेडीवाकडी आहे. स्पर्धेच्या गोळीचं तांब्याचं कवच बुडाकडून टोकाकडे ओढत आणतात. साच्यात दाबून आकार दिला की टोकाकडून एक पिन तिला बाहेर ढकलते. ती पिन मावायची तर टोक पूर्ण मिटता येत नाही. साधारण दीड मिलिमीटरचं बोथट टोक उरतं, त्याला 'मेप्लॅट' म्हणतात. प्रत्येक गोळीचं थोडं वेगळं.

एवढ्याशा वाकडेपणाने काय होतं? हवा प्रत्येक गोळीला वेगळी अडवते. आजोबांच्या .३०८ ची गोळी हजार यार्ड जाईपर्यंत नळीच्या रेषेपासून तीस फुटांहून अधिक खाली येते, तीन मजली चाळीएवढी. हवा कापायची क्षमता एखाद्या टक्क्याने जरी बदलली, तरी तिथे गोळी दोन-तीन इंच वर किंवा खाली लागते. बशी पाच इंचांची. मग लोक दोन उपाय करतात. एक, छोट्या कटरने टोक छाटून सगळी सारखी करायची. यात टोक आणखी बोथट होतं, हवा जरा जास्त अडवते, पण सगळ्यांना सारखीच. दुसरा, छाटल्यावर टोक डायमध्ये दाबून भोक मिटवत आणायचं. त्याने गेलेलं परत मिळतं आणि वर थोडं जास्तच. मात्र दाब जरा जास्त झाला की टोकामागे फुगवटा येतो आणि गोळी वाया जाते.

गेल्या उन्हाळ्यात बाबा आले होते. पिंपरीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं टर्नर. पर्यटक व्हिसावरच्या माणसाला, काही अपवाद सोडले तर, इथे बंदूकच काय, गोळीही बाळगता येत नाही. म्हणून मी बजावलं होतं, कशालाही हात लावायचा नाही. हात मागे बांधून बाबा गॅरेजभर फिरले. आजोबांनी भिंगाखाली एक छाटलेली, एक दाबलेली गोळी धरली. बाबांनी बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाले, "त्यांना विचार, टोकाला दोन थाऊ काढले ते ठीक, बूड बघितलंय का?"

मी भाषांतर केलं. आजोबा हसले आणि कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून आणलं. फ्रँकलिन मान नावाच्या अमेरिकन डॉक्टरांचं, १९०९ सालचं. या माणसाने वर्षानुवर्षं मुद्दाम बिघडवलेल्या गोळ्या झाडून पाहिल्या. निष्कर्ष असा की टोक बिघडलं तर फारसं बिघडत नाही, बूड बिघडलं तर नेम गेलाच. नळीतून शेवटी सुटतं ते बूड, आणि तिथे ते तिरकं असेल तर मागचा वायू एका बाजूने आधी निसटून गोळीला ढकलतो. पुस्तक इंग्रजी, पण बाबांना चित्रं पुरली.

तरी आजोबांना टोकाचं खरं-खोटं करायचंच होतं. आणि इथे हा माणूस मला फार आवडला. "मी डायवर पैसे खर्च केलेत, तेव्हा मला फरक दिसणारच," ते म्हणाले. म्हणून ठरलं की कुठली गोळी कुठली हे त्यांना कळू द्यायचं नाही. दाबलेल्या वीस, कारखान्यातून आल्या तशा वीस, बूड आणि वजन तपासून निवडलेल्या. मी चिठ्ठ्या टाकून क्रम लावला. ते दुर्बिणीला डोळा लावून, मी काडतूस ठेवायचं, त्यांनी बोल्ट सारायचा. ३०० यार्डांवर काहीच वेगळं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी हजारावर दाबलेल्या किंचित वर लागल्या आणि उभ्या रेषेत जरा जवळ जवळ. वाऱ्याने दोन्हींना डावी-उजवीकडे सारखंच नाचवलं. वीस-वीस गोळ्यांवर पैज लावू नये, असं त्यांनीच वहीत लिहिलं.

हे सगळं मला रमवतं, आणि रमतोय हे जाणवलं की अस्वस्थही करतं. गोळीच्या टोकाशी खेळण्याचा एक इतिहास आपल्याकडचाही आहे. कोलकात्याचं विमानतळ जिथे आहे त्या दमदमच्या शस्त्रागारात १८९० च्या दशकात टोक उघडं ठेवलेली गोळी तयार झाली. शरीरात शिरून फुटावी म्हणून. १८९९ च्या हेग परिषदेने तशा गोळ्यांना युद्धात बंदी घातली. आजोबांच्या गोळीचं भोक त्यासाठी नाही, ते फक्त पिनची जागा. मला हे पटतं. पण माझी लेक शाळेत वर्गाचं दार बंद करून, दिवे मालवून, कोपऱ्यात गप्प बसायचा सराव करते. तिला हा फरक कुठल्या शब्दांत सांगायचा?

बाबा परत गेले. दर रविवारी फोनवर विचारतात, "बुडाचं काय झालं?" आजोबा आता बूड आणि टोकाची गोलाई जिथे सुरू होते ते ठिकाण, यांमधलं अंतर मोजून गोळ्यांचे ढीग लावतात. टोकाची पाळी सगळ्यात शेवटी. वसंतात पुन्हा चाळीस झाडायच्या आहेत, चिठ्ठ्या मीच टाकणार. लेकीने विचारलंय, मी पण येऊ का. अजून उत्तर दिलेलं नाही.