कळसूबाईहून उंच, समुद्राइतके खाली

लंडनहून निघालेले विमान मुंबईत उतरू लागते, तेव्हा आपण नकळत एक डोंगर उतरत असतो. आकाशात केबिनमधील हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरील हवेइतका असतो. १६४६ मीटरचे कळसूबाई शिखर त्याहून ठेंगणेच! या उतारात घशापासून कानापर्यंतची नलिका मिटून राहिली, की पडदा आत ओढला जातो आणि विमानतळावरचा गलबला दुरून आल्यासारखा वाटतो. पाण्याचे घोट घ्या, जांभई द्या. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून श्वास अगदी हलकेच नाकाकडे ढकला. आजीचे कोमट तेल मात्र कानात नको: अडथळा पडद्याच्या पलीकडे, तेल अलीकडेच राहते. कान बहुधा काही तासांत मोकळा होतो. तीव्र वेदना, स्राव, चक्कर किंवा एकाएकी बहिरेपण जाणवल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.