दहा केजीचा पाईप

‘पाईपवर १० केजी छापलंय, कॉम्प्रेसर आठाला बंद होतो. मग अडचण काय?’ चंदीगडमध्ये घरच्या वर्कशॉपबद्दल विचारायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. प्रश्न अडाणीपणाचा नाही. या शहरात हुशार हातांची कमी नाही. सेक्टर ३० मधलं इंडो-स्विस ट्रेनिंग सेंटर १९६३ पासून अचूक यंत्रकामाचे कारागीर घडवत आलं आहे. शिवाय निवृत्त फौजी अधिकारी इथे ढिगाने आहेत. कुणी मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनी बुलेट उभी करतो, कुणी लाकूडकाम करतो. दोन हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर येतो आणि मग भिंतीवरून हवा न्यायला पाईप लागतो. घराचं प्लंबिंग करणारा मिस्त्री ओळखीचा असतो. तो पांढरा पीव्हीसी आणतो, सोल्युशन लावतो आणि दुपारच्या आत काम उरकतो.

आकडा खोटा नाही (केजी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो, साधारण एक बार), पण तो पाण्यासाठी आहे. पीव्हीसी पाईपांचं आपलं मानक, आयएस ४९८५, हे मुळात पिण्याच्या पाण्याच्या पाईपांचं आहे आणि त्यातला दाब २७ अंशांना धरलेला आहे. चंदीगडचा मे-जून ४२-४४ अंशांचा, त्यात पत्र्याखालची शेड आणखी तापते. ४३ अंशांच्या आसपास पीव्हीसीची ताकद जवळपास निम्मी होते, ६० अंशांना जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. म्हणजे तुमचा दहाचा पाईप उन्हाळ्याच्या दुपारी पाचाचा असतो. कॉम्प्रेसरच्या पंपातून निघणारी हवा तर शंभर अंशांच्याही वर जाते. टाकीजवळचा पहिला तुकडा तिची झळ सोसतो.

पण समजा, तुम्ही २० केजीचा पाईप आणलात. तरी माझं उत्तर ‘नको’ असंच आहे, कारण खरी गोम दाबाच्या आकड्यात नाहीच. पाईप किती दाब सोसतो यापेक्षा तो फुटताना काय करतो, हे मी आधी बघतो. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. आठ बारच्या एक लिटर पाण्यात साठलेली ऊर्जा एका ज्यूलचा सातवा भाग भरेल. पाईप तडकला की चिळकांडी उडते आणि दाब तिथेच संपतो. त्याच दाबाच्या एक लिटर हवेत काहीशे ज्यूल असतात, म्हणजे हिशेब हजारो पटींचा आहे. शिवाय मागे पन्नास-शंभर लिटरची टाकी उभी असतेच. पीव्हीसी कडक आणि ठिसूळ. एक चीर पडली की ती धावत सुटते आणि पाईपचे धारदार तुकडे सुऱ्यांसारखे उडतात. प्लास्टिकचे तुकडे एक्स-रेमध्ये नीट दिसत नाहीत, हा डॉक्टरांचा वेगळाच ताप.

अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेने मे १९८८ मध्ये याबद्दल धोक्याची सूचना काढली होती. टेक्सासमधल्या एका कारखान्यात हवेची पीव्हीसी लाईन फुटून कामगार जखमी झाला, हे तिचं निमित्त. पाईप जमिनीत पुरलेला किंवा मजबूत आवरणात नसेल, तर दाबाच्या हवेसाठी पीव्हीसी वापरू नये, असं ती सूचना सांगते.

यावर हमखास येणारं उत्तर : ‘माझ्याकडे कित्येक वर्षं आहे, काही झालं नाही.’ नसेलही झालं. पण कॉम्प्रेसर सहाला चालू होतो, आठाला बंद होतो, आणि प्रत्येक फेरीत पाईप किंचित फुगून परत येतो. खिडकीतून येणारं ऊन त्याला पिठूळ करत जातं. काही सिंथेटिक कॉम्प्रेसर तेलं प्लास्टिकला आतून खातात. शेवटी शिडीचा एक धक्का किंवा हातातून निसटलेला पाना पुरतो. ज्या पाईपला सात वर्षं झाली, तो नव्यापेक्षा जास्त धोक्याचा. सीपीव्हीसीही त्याच कुळातला. रंग बदलला म्हणून स्वभाव बदलत नाही.

मग काय घ्यावं? घरच्या वर्कशॉपसाठी मी अजूनही जीआयच, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप, सांगतो. निळ्या पट्ट्याचा, म्हणजे मध्यम जाडीचा, पाऊण इंची पाईप. मानकाप्रमाणे त्याची कारखान्यातली चाचणी ५० बारची असते. एवढं करूनही फुटलाच तर आट्यांपाशी गळतो, फुसफुसतो. तुकडे फेकत नाही. कॉक आणि फिटिंगसाठी जालंधर इथून जवळ, तेव्हा माल मिळायला त्रास नाही. दुर्गुण एकच : आतून गंजतो, आणि रंगाच्या गनमध्ये ती घाण आलेली चालत नाही. म्हणून वापराच्या ठिकाणी फिल्टर-रेग्युलेटर हवाच.

गंजाचं मूळ पाण्यात आहे आणि पाणी हवेतूनच येतं. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. आठ बारला दाबताना अशी नऊ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबली जाते. ती गार झाली की त्यातलं १८० ग्रॅमच्या वर पाणी गळून पडतं. म्हणून लाईनला उतार द्यायचा : सहा मीटरच्या नगाला सहा सेंटिमीटर. खाली येणारी प्रत्येक शाखा मुख्य पाईपच्या पाठीवरून काढायची, पोटातून नाही. शाखेच्या तळाशी ड्रेन कॉक ठेवायचा. मिस्त्री पाठीवरून टी काढायला कुरकुरतात, कारण दोन एल्बो जास्त लागतात. तिथे हटू नका.

तांब्याचा पाईप उत्तम. गंजत नाही, पण महाग आणि ब्रेझिंग येणारा माणूस लागतो. अॅल्युमिनियमच्या तयार जोडणीच्या लाईनी कारखान्यांत सुरेख दिसतात. खिसा परवानगी देत असेल तर जरूर. हिरव्या पीपीआरचे चाहते बरेच आहेत. तो पीव्हीसीसारखा ठिसूळ नाही, पण उष्णतेला मऊ पडतो. कंपनी दाबाच्या हवेसाठी आणि ४५ अंशांसाठी लेखी देत असेल तरच घ्या, दुकानदाराच्या तोंडी हमीवर नाही. निळी पीयू ट्यूब शेवटच्या मीटर-दोन मीटरला ठीक.

कॉम्प्रेसर आणि पाईप यांच्यात रबरी होज ठेवा, नाहीतर थरथरीने आटे ढिले होतात. टाकीच्या तोंडाशी बॉल व्हॉल्व्ह बसवा आणि रात्री तो बंद करा. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र थेट टाकीवरच असू द्या, मध्ये काहीही नको. नवी लाईन आधी पाण्याने तपासा. प्लंबरच्या हातपंपाने १२ बारपर्यंत चढवून अर्धा तास ठेवा. हवेने चाचणी घेणारा आपणच ज्याला घाबरतो तोच प्रकार हाताने करत असतो. मग पाणी काढा, आठ बारला आणून साबणाच्या फेसाने आटे बघा.

आणि लाईन आधीच पीव्हीसीची असेल तर हा अंक बाजूला ठेवून कॉम्प्रेसरचा प्लग काढा आणि टाकी रिकामी करा. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा तीन-चार अंशांवर येतो आणि थंडीत पीव्हीसी आणखी ठिसूळ होतो. थंडी पडायच्या आत तो पाईप उतरवा. बागेला पाणी द्यायला तो अजून कित्येक वर्षं चालेल.