दुहेरी म्हणजे दुय्यम नव्हे



आपल्या हैदराबादने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत देशाला खेळाडू मुली भरभरून दिल्या. मिताली राज याच जुळ्या शहरांत वाढली. सायना नेहवाल आणि पी. व्ही. सिंधू इथल्याच बॅडमिंटन अकादमीत घडल्या. पण २००५ साली ज्या एका नावाने सारे शहर भारावून गेले होते, ते नाव सानिया मिर्झा. आज आपल्या शाळेत शिकणाऱ्या मुलांना ते दिवस आठवणार नाहीत, कारण त्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्यांच्या आई-वडिलांना मात्र ते नक्कीच आठवत असतील.

सानियावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिने जिंकलेल्या चषकांची यादी कोणालाही सहज मिळेल. आम्हाला मात्र त्या यादीपेक्षा तिच्या कारकिर्दीच्या मधोमध आलेले वळण अधिक मोलाचे वाटते. शाळेतील मुलांनी, आणि त्याहून अधिक आम्हा पालकांनी, तेवढे जरी नीट समजून घेतले तरी पुरे आहे.

सानियाचा जन्म १५ नोव्हेंबर १९८६ रोजी मुंबईत झाला, पण ती वाढली हैदराबादेत. वयाच्या सहाव्या वर्षी आईने तिला टेनिस शिकायला नेले, तेव्हा प्रशिक्षकाने 'मुलगी फार लहान आहे' म्हणून आधी नकारच दिला. महिनाभरातच त्याच प्रशिक्षकाने आई-वडिलांना बोलावून घेतले आणि मुलीचा खेळ एकदा डोळ्यांनी पाहा म्हणून सांगितले. त्या काळी इथली कोर्टे शेणाने सारवलेली असत. अंगण सारवण्याची पद्धत आपल्या घरांतील आजी मंडळींना ठाऊक आहे. तशाच जमिनीवर या मुलीने विम्बल्डनची स्वप्ने पाहिली. वडील इम्रान मिर्झा हेच तिचे मार्गदर्शक झाले. महेश भूपतीचे वडील सी. जी. कृष्णा भूपती यांच्याकडूनही तिने सुरुवातीचे धडे घेतले. जुन्या मोटारीत सामान भरून हे कुटुंब गावोगावच्या स्पर्धांना जात असे. शाळाही चालूच होती.

२००३ साली, सोळाव्या वर्षी, तिने रशियाच्या अलिसा क्लेबानोवाच्या साथीने विम्बल्डनमध्ये मुलींच्या दुहेरीचे विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी हैदराबादेत झालेल्या आफ्रो-आशियाई क्रीडा स्पर्धेत तिने चार सुवर्णपदके जिंकली. मग आले २००५. जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनच्या तिसऱ्या फेरीत ती सेरेना विल्यम्सपुढे उभी राहिली. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत तिसऱ्या फेरीपर्यंत त्याआधी एकही भारतीय महिला पोहोचली नव्हती. सामना ती हरली, पण दुसऱ्या सेटमध्ये तिने चार गेम घेतले. फेब्रुवारीत आपल्याच शहरात ती हैदराबाद ओपनच्या अंतिम सामन्यात उतरली आणि युक्रेनच्या अल्योना बोंडारेंकोला ६-४, ५-७, ६-३ असे हरवून डब्ल्यूटीए स्पर्धेतील एकेरीचे विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली. मार्चमध्ये दुबईत तिने अमेरिकन ओपन विजेत्या स्वेतलाना कुझनेत्सोव्हाला हरवले. सप्टेंबरमध्ये ती अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत पोहोचली. वर्ष संपताना जागतिक क्रमवारीत ती ३१व्या स्थानावर होती. वय होते एकोणीस.

ऑगस्ट २००७ मध्ये ती एकेरीत २७व्या स्थानावर गेली. तोवर एवढे वरचे स्थान कोणाही भारतीय महिलेने गाठले नव्हते. आता पहिल्या वीसात, मग पहिल्या दहात, असे हिशेब वर्तमानपत्रे मांडू लागली. पण शरीराचा हिशेब वेगळा निघाला. गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि २००८ साली उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया करावी लागली. ज्या फोरहँडच्या जोरावर ती इथवर आली, त्याच हाताचे हे मनगट. बीजिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्याच फेरीत दुखऱ्या मनगटामुळे तिला सामना अर्धवट सोडावा लागला. स्वतःचे केस विंचरणेही त्या दिवसांत जमत नव्हते, असे तिने पुढे स्वतःच सांगितले आहे. बावीसही वर्षे पूर्ण न झालेल्या मुलीपुढे प्रश्न उभा राहिला, की पुढे खेळता येणार तरी आहे का?

यानंतर जे घडले ते आमच्या मुलांनी लक्ष देऊन वाचावे.

टेनिसचे कोर्ट ७८ फूट लांब असते. एकेरीत त्याची रुंदी २७ फूट आणि दुहेरीत ३६ फूट धरतात. एकेरीत ते सारे २७ फूट एकट्याने राखायचे. दुहेरीत दोघींच्या वाट्याला साधारण अठरा-अठरा फूट येतात. म्हणजे धावपळ कमी आणि शरीरावरचा भारही कमी. पण म्हणून खेळ सोपा होत नाही. चेंडू अधिक वेगाने अंगावर येतो, विचाराला वेळ मिळत नाही, जाळ्याजवळ उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू न देता तो परतवावा लागतो आणि आपल्या सोबतिणीच्या मनात काय चालले आहे हे न बोलता ओळखावे लागते. सानियाची सर्व्हिस फार भेदक नव्हती आणि कोर्टभर धावण्यातही ती सर्वात चपळ नव्हती, हे तिचे चाहतेही मान्य करत. तिचा फोरहँड मात्र महिला टेनिसमधील उत्तम फटक्यांपैकी एक होता. आपल्या बलस्थानाला वाव आणि दुखऱ्या शरीराला आराम, या दोन्ही गोष्टी दुहेरीत एकत्र साधत होत्या.

मनगटाच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षही उलटले नव्हते, तोच २००९ मध्ये तिने महेश भूपतीबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनचे मिश्र दुहेरीचे विजेतेपद मिळवले. तिचे हे पहिले ग्रँड स्लॅम. २०१२ मध्ये याच जोडीने फ्रेंच ओपन जिंकली. एकेरी तिने लगेच सोडली नाही. शरीर साथ देईना तेव्हा मात्र २०१३ साली तिने तसे स्पष्ट जाहीर केले. 'आता दुहेरीच उरली का?' असे म्हणणारे लोक तेव्हाही होते.

त्या लोकांना उत्तर देण्यात तिने वेळ घालवला नाही. २०१४ मध्ये ब्राझीलच्या ब्रुनो सोआरेसबरोबर अमेरिकन ओपनची मिश्र दुहेरी आणि झिम्बाब्वेच्या कारा ब्लॅकबरोबर वर्षअखेरची डब्ल्यूटीए फायनल्स तिने जिंकली. मार्च २०१५ पासून ती स्वित्झर्लंडच्या मार्टिना हिंगिसबरोबर खेळू लागली. हिंगिस म्हणजे सोळाव्या वर्षी एकेरीत जगात पहिली आलेली खेळाडू. जाळ्याजवळ हिंगिसचे डोके आणि मागून सानियाचा फोरहँड, अशी ही जोडी जमली. पहिल्या तीनही स्पर्धा त्यांनी जिंकल्या आणि १३ एप्रिल २०१५ रोजी सानिया दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर गेली. असा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. एकेरीत जिला २७व्या स्थानापुढे जाता आले नाही, ती दुहेरीत एकूण ९१ आठवडे पहिल्या स्थानावर होती.

२०१५ च्या विम्बल्डनचा अंतिम सामना मुलांनी मोठ्यांकडून ऐकावा असा आहे. समोर रशियाच्या मकारोवा आणि वेस्निना. पहिला सेट गेला, दुसरा टायब्रेकमध्ये मिळाला आणि तिसऱ्यात सानिया-हिंगिस २-५ अशा मागे पडल्या. तिथून त्यांनी ५-५ अशी बरोबरी साधली. उजेड कमी झाला म्हणून खेळ थांबवून छत बंद करण्यात आले, दिवे लागले आणि पुढचे दोन्ही गेम जिंकून त्यांनी ५-७, ७-६, ७-५ असा विजय मिळवला. मग अमेरिकन ओपन, मग २०१६ ची ऑस्ट्रेलियन ओपन. सलग ४१ सामने ही जोडी हरली नाही. एकूण १४ विजेतेपदे मिळवून ऑगस्ट २०१६ मध्ये दोघी वेगळ्या झाल्या. त्यानंतर लगेच सिनसिनाटीच्या अंतिम सामन्यात त्या समोरासमोर आल्या. तो सामना नव्या सोबतिणीसह सानियाने जिंकला.

ऑक्टोबर २०१८ मध्ये तिला मुलगा झाला. वाढलेले वीसहून अधिक किलो वजन उतरवून जानेवारी २०२० मध्ये ती पुन्हा कोर्टवर आली आणि होबार्टची स्पर्धा जिंकली. जानेवारी २०२३ मध्ये, शेवटच्या ग्रँड स्लॅममध्ये, ती रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीच्या अंतिम फेरीत होती. चौदाव्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत मिश्र दुहेरीसाठी हाच बोपण्णा तिच्याबरोबर होता. सामना ते हरले. मुलगा प्रेक्षकांत बसला होता. फेब्रुवारीत दुबईत तिने व्यावसायिक टेनिसचा निरोप घेतला आणि ५ मार्च २०२३ रोजी आपल्या लाल बहादूर स्टेडियममध्ये निरोपाचा प्रदर्शनी सामना खेळली.

कारकिर्दीचा ताळेबंद मांडला तर एकेरीचे डब्ल्यूटीए विजेतेपद एक आणि महिला दुहेरीची ४३. सहा ग्रँड स्लॅम, त्यांत तीन महिला दुहेरीची व तीन मिश्र दुहेरीची. एकेरीचा रस्ता बंद झाला म्हणून ती घरी बसली असती, तर या सहापैकी एकही चषक दिसला नसता.

आता आम्ही हे शाळेच्या पत्रकात का लिहितो, ते सांगतो. दहावीचा निकाल लागला की इंटरच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते. एमपीसी घेतले तर मूल हुशार, बायपीसी घेतले तरी चालेल. पण सीईसी घेतले की शेजारी विचारतात, 'काय हो, मार्क कमी पडले का?' मूल शेजारच्यांचे बोलणे ऐकते आणि आपला रस्ता दुय्यम आहे असे पहिल्याच दिवशी धरून चालते. वास्तविक जो रस्ता आपल्या अंगच्या गुणांना मानवतो, तोच आपला पहिला रस्ता. सानियाने दुहेरी हा उरलासुरला खेळ मानला नाही. ती पूर्ण मेहनतीने, जगातील उत्तम सोबतिणी शोधून खेळली, म्हणून ती तिथे पहिली आली. नाइलाजाने, रडतखडत खेळली असती तर तिथेही सत्ताविसावीच राहिली असती.

दुसरी गोष्ट मुलींच्या मैदानाची. सातवीपर्यंत आपल्या मुली लंगडी, खो-खो, बॅडमिंटन सारे हिरिरीने खेळतात. आठवी-नववीत ट्यूशन सुरू होते, 'आता मोठी झालीस' असे घरात ऐकू येते आणि मैदानावर फक्त मुलगे उरतात. त्याच वयात, तेरा ते सोळा वर्षांच्या दरम्यान, सानियाच्या आई-वडिलांनी तिला मैदानावरून परत बोलावले नाही, उलट स्पर्धेला स्वतः घेऊन गेले. प्रत्येक मुलगी विम्बल्डनला जाणार नाही, हे आम्हालाही कळते. पण हरल्यावर दुसऱ्या दिवशी परत उभे कसे राहायचे, सोबतिणीची चूक पोटात घालून पुढचा गुण कसा खेळायचा, हे पुस्तकात शिकवता येत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची प्रार्थना ठोंबरे सराव करण्यासाठी हैदराबादला सानियाच्या अकादमीत आली. २०१४ मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत या दोघींनी मिळून महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळवले आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्येही त्या एकत्र खेळल्या. बार्शीसारख्या गावातून आई-वडिलांनी मुलीला इतक्या दूर पाठवले. आपण तर याच शहरात राहतो.

म्हणून विश्वस्त मंडळींना आमची नम्र विनंती आहे, की नववी-दहावीच्या मुलींचा आठवड्यातील मैदानाचा तास परीक्षा जवळ आल्या तरी रद्द होऊ नये. पालकांना विनंती, की त्या तासाला ट्यूशनची वेळ ठेवू नये. आणि विद्यार्थ्यांनो, वार्षिक क्रीडा स्पर्धांत एकेरीसाठी नावांची रांग लागते आणि दुहेरीचा तक्ता अर्धा रिकामा राहतो. यंदा आपली जोडी आधी ठरवा आणि दुहेरीत नाव द्या. नावे क्रीडा शिक्षकांकडे द्यायची आहेत.